तो काजूचा चीक नव्हता

कांबळे मॅडम नसत्या तर माझे बाबा आज नसते, म्हणून त्यांचं नाव आधी. बोरिवलीच्या आमच्या मेडिकलमध्ये त्या फार्मासिस्ट, मी काउंटरवर. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून मी मुंबईत. घर राहिलं देवगडकडे.

त्या दुपारी मी फोन स्पीकरवर टाकून रॅक लावत होतो. आईशी बोलल्याशिवाय मला करमत नाही. ती काय सांगते त्यापेक्षा मागून ऐकू येणारं घर मला हवं असतं. कोंबड्या, पंप, बाबांचं खाकरणं. त्या दिवशी खाकरणं आलं नाही.

"बाबा खंय?"

"निजलेत. काजीचो चीक उडालो तोंडार. ओठ सुजले, अंगार फोड इले. खोबरेल लावलंय. होतला बरा."

मला नवल वाटलं नाही. काजूचा चीक कातडी जाळतो. सीझनमध्ये आमच्याकडे कुणाची ना कुणाची सालं निघालेली असतातच. उलट मला बागेचीच आठवण आली. किती वर्षं काजूला हात लावला नव्हता.

मॅडम मागे वळल्या. "महेश, डोळे लाल आहेत का विचार."

होते. तापही होता. तोंडाच्या आत फोड, पेज गिळवत नव्हती.

"चीक तोंडाच्या आत कसा जाईल रे? नवीन गोळी कुठली चालू केली?"

बाबांच्या गालात करंट बसल्यासारखी कळ यायची. त्यावर तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती, दोन-तीन आठवड्यांपूर्वी. आईने स्ट्रिपचा फोटो पाठवला. कार्बामाझेपिन. फिट्सवरही देतात. आमच्याकडे रोज खपते.

दुकानाचे शेठ म्हणाले, "मॅडम, कस्टमर उभा आहे."

"राहू दे उभा, शेठ. इथे माणूस आडवा होतोय."

मी घाबरलो. "मॅडम, डॉक्टरांची गोळी आपण कशी बंद करायची?"

"डॉक्टरांशी मी बोलते. तू आईला सांग, पुढची गोळी द्यायची नाही. आणि गाडी बघा. आत्ता."

स्ट्रिपच्या फोटोसोबत आईने चिठ्ठीचाही पाठवला होता. त्यावरच्या नंबरवर मॅडमनी फोन लावला. डॉक्टरांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला हलवा. बाबांना गोव्याला नेलं. माझी शिफ्ट मॅडमनी अंगावर घेतली आणि मला बसमध्ये बसवलं.

तिथे पोचलो तर बाबांची कातडी भाजल्यासारखी सुटत होती. डोळे उघडत नव्हते. माझा आवाज ऐकून त्यांनी हात हलवला. म्हणाले, "इलंस? काजी कोण गोळा करता मगे?"

गोळीच्या या रिअ‍ॅक्शनबद्दल तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. शरीरात पहारेकरी असतात. काही माणसांत जन्मापासून एक जीन असा असतो, की ठरावीक गोळी पोटात गेली की पहारेकरी आपल्याच कातडीवर तुटून पडतात. बहुतेकांना तीच गोळी काही करत नाही. हा जीन असलेल्या सगळ्यांनाही त्रास होतो असं नाही, पण धोका मोठा असतो. काही ठिकाणी गोळी देण्याआधीच रक्त तपासतात.

बाबा वाचले. डोळे कोरडे पडले, दिवसभर थेंब घालावे लागतात. रक्तात तो जीन निघाला. मुलांमध्येही असू शकतो म्हणाले, म्हणून मॅडमनी माझी टेस्ट करायला लावली. माझ्यातही आहे.

ऐकून घाबरलो, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. पण बाबांचं असं मुंबईत माझ्याजवळ काहीच नव्हतं, हे एक निघालं. आता पाकिटात एक कार्ड असतं, ही गोळी मला देऊ नका असं लिहिलेलं. कधी कधी रिकाम्या वेळी ते काढून बघतो.

नवी गोळी चालू असताना अंगावर किंवा तोंडात काही उठलं, तर आधी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. आमच्यासारखा दोष झाडावर ढकलू नका.

मॅडमनी काजू झाडावर कधी बघितलेला नाही. एका सीझनला त्यांना घरी नेणार आहे. बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसवीन, आणि चीक माझ्या हातांवर घेत त्यांना ओले काजू सोलून देईन.