‘जखम’च्या पहिल्या अल्बमला माझ्या अकरा दुरुस्त्या

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि रॅप गातो. कंपनीत त्याला ‘मास्तर’ म्हणतात, आई ‘पिलू’ म्हणते आणि पोस्टरवर तो ‘जखम’ असतो. हे तिसरं नाव त्यानं मला प्रथम सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, कुठं लागलं?

त्याची आई इस्पितळात परिचारिका आहे. वडील तो दोन वर्षांचा असताना गेले. तिसऱ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत आईची ड्यूटी असेल तेव्हा तो आमच्याकडे असे. आमच्या ह्यांनी त्याला घड्याळ उघडायला शिकवलं, मी शुद्धलेखन. घड्याळ त्यानं मनावर घेतलं.

मी रोज डायरी लिहिते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, ती लग्नात सुटली नाही आणि हे गेल्यावरही सुटली नाही. बावन्न वह्या झाल्या. सिस्टरांचा आणखी एक नियम होता: दिसलेली चूक जो सोडून देतो, चूक त्याचीच. हा नियम मी जन्मभर पाळला आणि त्यापायी पुष्कळांशी माझं बिनसलं.

अल्बमचं रेकॉर्डिंग माझ्याच घरी झालं, ह्यांच्या कपड्यांच्या कपाटात. आत सात लोकरी कोट आहेत. कोट आवाज खातात, असं त्याचं म्हणणं. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटार तपासायची, तारेच्या दोरांना ग्रीस लावायचं आणि संध्याकाळी सहा ते सात माझ्या कपाटात उभं राहायचं, असं चार महिने चाललं. त्या तासात मी नळ सोडायचा नाही आणि शिंकायचं नाही. एकदा शेजारीण आली आणि कपाटाकडे बघत राहिली. आत खालचा मुलगा आहे, असं मी तिला सांगितलं. तिनं पुढं काही विचारलं नाही आणि चहालाही थांबली नाही. मला बाहेर नुसती धडधड ऐकू यायची. मला वाटायचं, गाणी लिफ्टवर असतील.

अल्बम निघाला. नाव ‘फुटपाथ’, गाणी बारा. माझ्या फोनमध्ये घालून तो जिन्यावरून पसार झाला. पहिल्या दिवशी मला एक शब्द लागला नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर वेग निम्मा करता येतो हे सापडलं. निम्म्या वेगानं तो दमेकरी पुढाऱ्यासारखा वाटतो, पण शब्द न् शब्द कळतो. आणि कळलं ते असं, की हा फुटपाथवर वाढला, ह्यानं पाव चोरले, पाठीत सुरा खाल्ला आणि कोठडीत रात्र काढली. मी पोटभर हसले आणि सोडून दिलं. कलावंताला थोडी सूट असते, एवढं मलाही कळतं.

मग वर्तमानपत्रात तीन रकाने परीक्षण आलं. हा आवाज खोटं बोलूच शकत नाही, असं परीक्षकानं लिहिलं होतं. पुढं चौथ्या गाण्याच्या आधारानं लिहिलं होतं, की सातव्या वर्षी आईनं टाकलेलं हे पोर आज शहराला जाब विचारत आहे.

ते परीक्षण वॉर्डातल्या एका परिचारिकेनं डबा खाताना मोठ्यानं वाचलं. त्याची आई ड्यूटी संपल्यावर गणवेशातच वर आली. बूटही न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

“काकू,” ती म्हणाली, “मी टाकलं होतं का हो त्याला?”

मी त्याच संध्याकाळी संपादकांना पत्र लिहिलं. खरं तर मला एवढी एकच गोष्ट लिहायची होती. पण वह्या काढल्या आणि हात थांबेना. दुरुस्त्या अकरा निघाल्या. नमुन्यादाखल तीन देते.

गाणे तिसरे, सुऱ्याचा वार: बिस्किटांच्या डब्यासाठी स्टुलावर चढला आणि पडला. टाके तीन. डबा सोडला नाही.

गाणे चौथे, फुटपाथवरचे सातवे वर्ष: कांजिण्यांमुळे महिनाभर माझ्या पलंगावर होता. आई दुहेरी ड्यूटी करत होती. नऊ तारखेला कस्टर्ड, वाट्या तीन.

गाणे सातवे, कोठडी: शाळेचे ग्रंथालय. शिपायाने नजरचुकीने कुलूप लावले. अवधी पावणेदोन तास.

संपादकांनी पत्र स्वल्पविरामासकट छापलं. दुपारपर्यंत ते फोनाफोनांतून फिरलं. संध्याकाळी दुसऱ्या एका रॅपवाल्यानं त्यावर गाणंच केलं. त्यात ‘कस्टर्ड’ हा शब्द चाळीस वेळा येतो, मी मोजला. कंपनीतल्या सोबत्यांनी मोटारीच्या खोलीत, नेमकी ह्याची पाळी होती तिथं, वाटी आणि चमचा ठेवला. रविवारी त्याचा पहिला मोठा कार्यक्रम होता, तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात. तो रंगला तर आयोजक त्याला आणखी पाच गावांतले कार्यक्रम देणार होते, त्यासाठी त्यानं महिन्याची रजाही टाकली होती. आता आयोजकांनी फोन करून विचारलं, की कार्यक्रम विनोदी म्हणून जाहीर करू का?

तो वर आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

“आजी, तू माझी वाट लावलीस.”

“खोटं काय लिहिलंय ते दाखव.”

“खोटं असतं तर निस्तरलं असतं गं. सगळं खरं आहे, तेच तर.”

मी म्हटलं, आईला एकदा विचारून लिहायचं होतंस. तो म्हणाला, तू मला विचारून लिहिलंस? मी भाजीची पुढची जुडी ओढली. मग तो परीक्षणाबद्दल बोलला. आईनं टाकलं असं गाण्यात नाहीच, परीक्षकानं ते स्वतः जोडलं. गाण्यात आहे, ‘आई नव्हती’. मी आठवून पाहिलं. तसंच होतं. निम्म्या वेगानं ऐकूनही मी ओळ परीक्षकाच्या चष्म्यातून वाचली होती.

“नव्हतीच ना ती,” तो म्हणाला. “आता ‘आई कामावर होती’ असं गायलं तर कोण ऐकणार? म्हणून फुटपाथ घातला.”

मग त्यानं कांजिण्यांच्या वर्षाची वही मागितली. मी दिली. जेवणाच्या टेबलाशी बसून तो वाचत राहिला, मध्येमध्ये हसला. एका पानावर मात्र बराच वेळ थांबला आणि वही घेऊन खाली गेला. कुठलं पान ते मला कळायला हवं होतं.

रविवारी चार वाजता सभागृह गच्च भरलं होतं. लोक हसायला आले होते, त्यात लपवालपवी नव्हती. त्याच्या आईनं ड्यूटी बदलून घेतली होती. ती माझ्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मागून ‘कस्टर्ड, कस्टर्ड’ सुरू झालं. तो ह्यांचा तपकिरी कोट घालून आला. बाह्या त्याला आखूड होत्या. आरडाओरडा ओसरेपर्यंत तो त्या ओढत राहिला.

मग म्हणाला, “आजीनं माझ्या अकरा दुरुस्त्या काढल्या. बारावी तिची आहे.”

आणि माझी वही उघडून त्यानं वाचलं. “नऊ तारीख. आई सव्वानऊला आली. दारातच तिनं विचारलं, माझी आठवण काढली का? मी नाही म्हटलं. कंसात, खोटं. चारदा काढली.”

माझे कान तापले. तीनशे माणसांत मी पकडले गेले होते, तेही माझ्याच अक्षरात. तोवर वाद्य सुरू झालं होतं आणि तो गाऊ लागला होता, इतकं सावकाश की वेग कमी करायची गरजच नव्हती.

‘जेवताना एकदा, औषधाला दोनदा,
भिंतीकडे तोंड करून दिवा जाताना एकदा.
फुटपाथ मी रचला, सुराही मी रचला,
तू नव्हतीस, आई, एवढा भाग नाही रचला.’

मागचे लोक पुढं वाकून ऐकू लागले. गाणं संपल्यावर कोणीतरी पुन्हा ‘कस्टर्ड’ म्हणून ओरडलं, तेव्हा तो स्वतःच हसला आणि पुढचं गाणं सुरू केलं. मध्यंतरात आयोजक पाच गावांच्या तारखा घेऊन आले. वही घेऊन आजीही येतील का, असं त्यांनी विचारलं. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

त्याची आई अजून समोर रिकाम्या रंगमंचाकडेच बघत होती.

“चारदा?” ती म्हणाली.

“हो.”

“मग तेव्हा नाही का म्हणालात?”

“सकाळी सहाला तुला परत जायचं होतं.”

तिनं पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि रुमाल परत ठेवला.

“आणि काकू, कस्टर्ड तीन वाट्या? कांजिण्यांत? मला तुम्ही एक सांगितली होतीत.”

वही बघून सांगते, असं मी म्हटलं. पण वही त्याच्याकडे होती.