‘गिव्ह अप’चे नऊ अर्थ

वडिलांना लकवा झाला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पाणी हवं असलं की ते तांब्याकडे बघत. जळगावच्या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, पहिले काही महिने महत्त्वाचे, बोलणं परत यायचं असेल तर याच काळात येईल. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं काहीतरी त्यांच्याकडून रोज म्हणवून घ्या. लोक अशा वेळी आरती घेतात, पाढे घेतात. आम्ही इंग्रजी क्रियापदं घेतली.

वडील जामनेरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. दर शनिवारी फळ्याच्या मधोमध ते एक जोडक्रियापद लिहीत, त्याच्याभोवती बाण काढत आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला एक अर्थ लिहीत. ‘गिव्ह अप’ला नऊ बाण होते. सवय सोडणे. प्रयत्न सोडणे. हार मानणे. आशा सोडणे. हक्क सोडणे. बसमधली जागा दुसऱ्याला देणे. फरारी माणसाने पोलिसांच्या स्वाधीन होणे. आपला वेळ एखाद्या कामाला देणे. नववा अर्थ, हरवलेल्या माणसाला मेला असं धरून चालणे. मग समानार्थी शब्द येत: क्विट, सरेंडर, अबॅन्डन, रिलिंक्विश, यील्ड. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, यावर त्यांचा भर असे. तंबाखू क्विट होते, सरेंडर होत नाही. चोर सरेंडर होतो, क्विट होत नाही. वर्ग हसे. ते हसत नसत.

मी त्याच वर्गात होतो. त्या वर्गाचा एक नियम होता. अर्थ शुद्ध मराठीत सांगायचा. कोणाच्या तोंडून बोलीतला शब्द आला की वडील दाराकडे बोट दाखवत आणि म्हणत, “बाहेर जाऊन ये.” मुलगा उंबऱ्याबाहेर जाई, परत आत येई आणि तेच उत्तर शाळेच्या मराठीत देई. मारणं नाही, रागावणं नाही. वडील स्वतः धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यांची भाषा अहिराणी. जामनेरच्या मुलांची बोली वेगळी. नियम दोन्हींना सारखा होता, आणि घरीही तोच होता. आई अहिराणीत विचारी, वडील प्रमाण मराठीत उत्तर देत. मी वडिलांसारखा बोलायला शिकलो.

पुढे मी जळगावच्या एका दैनिकात डेस्कवर लागलो. तालुक्यांच्या बातमीदारांनी लिहून पाठवलेली कॉपी माझ्याकडे येते. तिच्यातली बोली काढून टाकायची, हे माझं काम. वीस वर्षं मी ते करतो आहे. कामावर संध्याकाळी जायचं असल्यामुळे सकाळ मोकळी असे. सकाळच्या एसटीने जामनेर, तास-दीड तास वडिलांजवळ, दुपारच्या एसटीने परत, असा क्रम ठरला.

माझी शाळेची वही आईने जपून ठेवली होती. मी क्रियापद वाचायचो, एक वाक्य सांगायचो आणि थांबायचो. शेजारच्या रकान्यात बरोबर किंवा फुली. पहिल्या दिवशी आई दारातून बघत होती. ती म्हणाली, “ल्या, आते मास्तरलेच मास्तर भेटना.” वडिलांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते.

आठवडाभर नुसते आवाज निघाले. नंतर एका सकाळी मी म्हणालो, “नाना, शिपायाने तंबाखू गिव्ह अप केली. म्हणजे काय केलं?”

बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “सोडी दिधी.”

शब्द स्पष्ट होते. मला नीट ऐकू आले आणि नीट समजले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी म्हणालो, “सोडून दिली. म्हणा नाना, सोडून दिली.” त्यांनी प्रयत्न केला. ‘सो’ आला, पुढे काही आलं नाही. मी फुली मारली.

पुढचे अकरा दिवस असेच गेले. हार मानणे या अर्थाला त्यांनी “हारी गया” म्हटलं. एका वाक्यात साधूने संसार सोडला होता, तिथे ते आपणहून म्हणाले, “बठ्ठं सोडी दिधं.” बठ्ठं म्हणजे सगळं. तीन शब्द सलग. प्रत्येक वेळी मी शुद्ध रूप सांगितलं, ते म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला आणि फुली मारली. आपण त्यांचीच शिस्त पाळतो आहोत, त्यांना ती आवडेल, असं मला वाटत होतं. वहीत अकरा दिवसांच्या एकोणीस फुल्या आहेत. बरोबरची खूण एकही नाही.

बाराव्या दिवशी वडील ताजेतवाने दिसत होते. आईने त्यांची दाढी करून दिली होती. बसमधल्या जागेचं वाक्य झालं. ते लगेच म्हणाले, “म्हतारीले जागा दिधी.” वाक्य पूर्ण होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हसत म्हणालो, “नाना, बाहेर जाऊन या.”

मी ते गमतीने म्हटलं होतं. वडिलांनी दाराकडे पाहिलं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर टेकला आणि ते उठू लागले. “नाना, बसा, बसा,” मी म्हणालो. तोवर ते अर्धे उभे झाले होते. उजवा पाय जागेवरून हलला नाही. मी आणि आईने त्यांना धरलं, म्हणून पडले नाहीत. खुर्चीत बसल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

आईने वही माझ्या हातातून घेतली. “तुले त्यानी परीक्षा लेवानी शे का, भाऊ? तो बोली राह्यंता ना!”

ते बोलत होते, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी उठलो. मला एसटी पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, नाना, हव्या त्या भाषेत सांगा. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. त्यानंतर मी मोडकीतोडकी अहिराणी बोलून पाहिली. ती मला नीट येत नाही. त्यांनी डोळे मिटले. तीन आठवड्यांनी थेरपिस्ट बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंडात येईल ते येऊ द्या, अडवू नका, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी त्या भेटीच्या नोंदी काढल्या. दैनिकातल्या सवयीने मी त्यांचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं होतं. वाक्य तिथे होतं. मी त्याच्याखाली रेघही मारली होती.

“आता?” मी विचारलं.

“प्रयत्न करत राहायचं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पुढची तारीख दिली नाही.

ते महत्त्वाचे महिने संपले. वडील आईशी दोन-तीन शब्द बोलतात, असं ती फोनवर सांगते. चहा मागतात. एकदा त्यांनी तिला नावाने हाक मारली. मी घरात असताना ते बोलत नाहीत. मी आलेला कळला की थांबतात.

मी अजून जातो, पण आता फक्त रविवारी. चप्पल काढून बाहेरच्या खोलीत बसतो आणि त्यांना बोलता यावं म्हणून आत जात नाही. आतून आईचा आवाज येतो. ती काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट बघते. मग तीच पुन्हा बोलायला लागते.