गाडी थंड पडू नये म्हणून

त्याला सगळे तापव्या म्हणायचे. धूर तपासणी केंद्राच्या फाटकाबाहेर डिझेल गाड्यांची रांग लागते, त्या रांगेत गाड्या तापत्या ठेवणं हा त्याचा धंदा. सरकारी कागदावर असला धंदा सापडायचा नाही, पण आमच्या गल्लीत तो दिवसभर चालायचा. थंड इंजिन जास्त धूर ओकतं आणि चाचणीत आपटतं, हे मालकांना पक्कं ठाऊक. मग किल्ली तापव्याच्या हातात टेकवायची आणि आपण सावलीत जाऊन गप्पा हाणायच्या. तापव्या इंजिन बंद पडू देत नसे. मधूनच जोरात रेस करून नळीत साचलेली काजळी बाहेर उडवायचा. मग गाडी फाटकाच्या आत जायची ती अगदी शहाण्या मुलासारखी. काजळी राहायची आम्हाला.

त्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याची बायको खाटेवर बसून श्वास ओढत असायची. तिला आडवं होता येत नसे. उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. खिडकीच्या फटींत त्याने जुन्या चादरीचे तुकडे कोंबले होते. ते काळे पडले की तो दुसरे कोंबायचा.

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही; धुराविरुद्ध घोषणा देणारी गल्लीत मीच. भर रांगेत काचेवर थाप मारून त्याला विचारलं, "वहिनीच्या छातीत काय भरतोयस, कळतंय का तुला?"

"धंदा सोडू? मग तिची औषधं तुझ्या घोषणांनी आणू का, ताई?"

"निदान पाय तरी आवर!"

"आवरतोच. लेबल बघून तापवतो मी, उगाच बोंबलवत नाही."

तेवढं मात्र खरं होतं. प्रत्येक गाडीने जास्तीत जास्त किती धूर सोडावा, त्याचा आकडा बॉनेटखालच्या लेबलवर असतो. तापव्या आधी चिंधीने लेबल पुसायचा. आकडा सैल असला तर गाडी नुसती चालू ठेवायचा. कडक असला तरच रेस.

मी केंद्राच्या साहेबांकडेही गेले. म्हटलं, नळीतला धूर मोजता, गल्लीतला कोण मोजणार? साहेब म्हणाले, "बाई, आमची हद्द फाटकाच्या आत. मर्यादा गाडीला असते, रस्त्याला नसते." माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर काढलं.

वहिनीला ऑक्सिजनची नळी लागली, तेव्हा तापव्या एकाएकी घरी बसला. मला वाटलं, मी जिंकले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी एक आडदांड गडी आला. तो लेबलच्या भानगडीत पडत नसे. सरसकट सगळ्या गाड्या बोंबलवायचा. मी औषधं घेऊन वर गेले, तर दोघं नवराबायको खिडकीकडे तोंड करून ते ऐकत बसले होते.

वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही जा परत."

"वेडी आहेस का?"

"तुम्ही होतात तेव्हा दुपारी जरा डोळा लागायचा. हा मेला तेवढाही लागू देत नाही. धूर तर येणारच आहे. तुमचा निदान कमी असतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी औषधं खाटेवर ठेवली. तो चपला घालून खाली गेला.

भांडण मात्र मी सोडलं नाही. मालकांशी भांडायचे, आणि ते सावलीत पांगले की त्याच्याशी. "आली पुढारीण!" म्हणत तो काच वर करायचा आणि काचेआडून हात जोडायचा. रांगेतल्यांची फुकटची करमणूक.

त्या दिवशी मी वहिनीजवळ बसले होते. तिने पाणी मागितलं, घोटभर घेतलं, मान उशीला टेकली. ती मान पुन्हा हलली नाही. मी नाकाजवळ हात धरला, मनगट चाचपलं, आणि धावत खाली आले.

तापव्या एका पांढऱ्या टेम्पोत होता, फाटकासमोर पहिलाच. मी काचेवर थापा मारल्या. "काच खाली कर! अरे, वहिनी..." पुढचे शब्द इंजिनाने गिळले. त्याचे ओठ हलले, आली पुढारीण. त्याने काच पक्की वर केली, हात जोडले आणि समोर बघत बसला. मी दार ओढलं. आतून लावलेलं. रांगेतले हसत होते, कारण माझं ओरडणं म्हणजे रोजचंच. फाटक उघडलं, टेम्पो आत गेला, आणि शिपाई मला ओळखून आडवा उभा राहिला. तो माझं एक अक्षर ऐकेना.

जाळीतून सगळं दिसत होतं. टेम्पोच्या नळीत यंत्राची सळई गेली. तापव्या पाय दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता, अगदी नेमका. पडद्यावर आकडा उमटला, मर्यादेच्या बराच खाली. तपासनीसाने पास झाल्याचं लेबल काचेवर चिकटवलं.

तो खुशीत बाहेर आला. किल्ली मालकाकडे फेकली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"हं, बोला बाईसाहेब. आज कशावरून भांडायचंय?"