आत्याच्या डोक्यातला गेम

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात विंचूसुद्धा मारला नाही. चिमट्यात धरून बांधावर सोडायची आणि वर त्यालाच बजावायची, "परत येऊ नगंस." गळ्यात इष्टलिंग, सकाळी पूजा, तोंडात सदा देवाचं नाव. त्याच आत्याने एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत मोबाईलवर पाच-सहा माणसं टिपली आणि "झाडामागं लपलाय बघ मेला" म्हणत पुढच्याकडे वळली. तेव्हापासून आम्ही भाचरं तिला कमांडर म्हणू लागलो.

हा गेम तिला दिला सूनबाईने. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर तिचा सगळा वेळ स्वयंपाकघरावर देखरेख करण्यात जायचा. "तेल काय विहिरीतून शेंदायलीस का?" हे रोज किती ऐकणार? सूनबाईने मोबाईल सासूच्या हातात ठेवला आणि घरात रामराज्य आलं. ते फार टिकलं नाही. दूध उतू जाऊ लागलं, देवळातलं भजन चुकू लागलं. एका सोमवारी भिक्षेला आलेल्या जंगम स्वामींनाही दारात ऐकावं लागलं, "थांबा स्वामी, एवढ्या एकाला संपवते अन् आलेच." स्वामी समजूतदार, ते थांबले. गावात मात्र बोभाटा झाला.

महालिंगदादा हा तिचा एकुलता एक मुलगा. वालूरला त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. घरी आला की तो स्वतःच्या मोबाईलमध्ये तोंड घालून जेवायचा, पण आईच्या मोबाईलची त्याला फार चिंता. कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं, की डोक्याला यंत्र लावून चुंबकाने मेंदूला चालना देतात आणि गेमचं व्यसन सुटतं. फवारा मारला की अळी गेली, इतकं ते त्याला सोपं वाटलं.

मी परभणीत राहते, म्हणून डॉक्टर शोधायचं काम माझ्याकडे आलं. "मायच्या डोक्यात गेम घुसलाय साहेब, तेवढा काढून द्या," दादा म्हणाला. डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "हे यंत्र आम्ही नैराश्यासाठी वापरतो. गेमच्या व्यसनावर अजून अभ्यासच चालू आहे, मी खात्री देणार नाही. आजींच्या मनाला मरगळ आलीय, त्या मरगळीसाठी करून बघू. पण घरच्यांनी त्यांच्याशी बोलायला हवं." एवढ्या बोलण्यातलं दादाला फक्त यंत्र ऐकू आलं.

त्यासाठी काही आठवडे रोज यावं लागणार होतं. आत्याच्या कंबरेला एसटी झेपेना, म्हणून दादा दुकान गड्यावर सोडून स्वतः गाडी काढू लागला. गाडी चालवताना मोबाईल हातात धरता येत नाही. त्यामुळे बिचाऱ्याला आईशी बोलावं लागलं. मामांचा राग, विकलेली कपिला गाय, शाळेच्या पहिल्या दिवशी दादाने घातलेला धिंगाणा, सगळं निघालं. वाटेत चहा होऊ लागला. एकदा तर दोघं सीताफळांची पाटी घेऊन माझ्या दारात हसत उभी राहिली. आत्या आता धुवट लुगडं नेसून सकाळीच तयार असायची. "यंत्राचं काय वाटतं गं?" मी विचारलं. "काय न्हाई. सुतारपक्षी बसल्यावानी टकटक करतंय," ती म्हणाली आणि लगेच महालिंग काय काय बोलला ते सांगू लागली.

गेम सुटला. कधी सुटला ते तिलाही कळलं नाही; दादाने तो मोबाईलमधून काढूनही टाकला. शेवटच्या दिवशी तिने डॉक्टरांना हळूच विचारलं, "अजून चार-सहा खेपा लागत्याल का?" "नाही आजी, तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर आनंदाने म्हणाले. तिचा चेहरा पडला. दादा बाहेर बाकावर मोबाईलवर होता.

पुढे दादाने यंत्राची महती तालुकाभर गायली. दुकानात बी घ्यायला आलेल्यालाही तो आधी चुंबक समजावून सांगायचा.

परवा मी वालूरला गेले. दादा दुकानात, सूनबाई आत. आत्या भिंतीला टेकून नुसती बसली होती. मला पाहताच तिने उशीखालून मोबाईल काढला.

"त्यो गेम टाकून दे बरं परत."

"अगं आत्या, बरी झालीस ना आता?"

"तेच तर. बरी झाल्यापासून दारात गाडीच लागंना माय."

मी गेम परत टाकून दिला. तिने मोबाईल पुन्हा उशीखाली सारला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"लय न्हाई खेळायची मी," ती म्हणाली. "डॉक्टरकडं न्यावं लागन, तेवढंच."