निकम सुभेदारांच्या घरचा खडखडणारा पंखा

"थोडं तेल सोडू का?"

निकम सुभेदार शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन माझ्या मागे उभे होते. मी जमिनीवर मांडी घालून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावून बसले होते. म्हटलं, साहेब, ती कुपी आधी आत ठेवून या आणि मी इथून जाईपर्यंत बाहेर काढू नका. गेले बिचारे. रिटायर्ड फौजी माणसाला विनंती केली की तो वाद घालतो, सरळ हुकूम दिला की ऐकतो. या भागात काम करून मी एवढं तरी शिकलेय.

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. माहेर पुण्याचं, लग्नानंतर दिल्लीत आले ती इथलीच झाले. करोल बागेत माझं दुकान आहे. गेमिंगचे कॉम्प्युटर मात्र मी घरी जाऊन बघते, कारण ते धूड मेट्रोत घेऊन येणार कोण? पालममध्ये छावणीच्या आसपास सातारा-सांगलीकडची बरीच फौजी कुटुंबं राहतात. मराठी बोलणारी मेकॅनिक मिळते म्हटल्यावर माझा नंबर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतो. तसाच तो निकमांच्या ऋचाकडे पोचला होता.

ऋचा सुभेदारांची मुलगी. कॉलेज संपवून घरी बसलेली, असं तिचे वडील म्हणत. ती म्हणे, मी बसलेली नाही, मी कास्टिंग करते. क्रिकेटच्या मॅचला जसे कॉमेंट्री करणारे असतात, तसे कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धांनाही असतात. लोक त्या मॅच मोबाइलवर बघतात आणि ही मुलगी घरात माइकसमोर बसून कोण कुठून आला, कोणी कोणाला टिपलं, ते धडाधड सांगते. नोएडातल्या एका कंपनीनं तिला ट्रायलला बोलावलं होतं. रविवारी, घरूनच, लाइव्ह. जमलं तर पगाराची नोकरी.

आणि नेमका कॉम्प्युटर खडखडायला लागला. माइकमध्ये तिच्या आवाजामागे सतत टर्रर्र ऐकू यायचं. तिनं मला रेकॉर्डिंग ऐकवलं, तर एखादी बाई रिक्षात बसून कॉमेंट्री करतेय असंच वाटत होतं.

घरात ठरलेलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर उत्तम. नाही लागली तर कॉम्प्युटर विकायचा आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. सुभेदारांनी क्लास बघूनही ठेवला होता. ऋचा हे मला हसत हसत सांगत होती, पण बोलताना माइकची वायर बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला तिची फार दया आली. जवळच्या दुकानातल्या एकानं आधीच येऊन आतलं ग्राफिक्स कार्डच बदला असं सांगून टाकलं होतं. नवं कार्ड म्हणजे वडिलांसमोर हात पसरायचा, आणि तोही त्या "खेळण्यासाठी". सुभेदार कॉम्प्युटरला खेळणंच म्हणत.

कामाला लागले. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. गेमचं चित्र सारखं हलत असतं, त्यामुळे हे कार्ड भयंकर तापतं. म्हणून त्याला स्वतःचे पंखे असतात. ऋचाच्या कार्डाला तीन होते. शिवाय कॅबिनेटचे वेगळे, प्रोसेसरचा वेगळा. आवाज यातल्या नक्की कोणाचा, हे आधी शोधायचं. कॉम्प्युटर चालू केला तर सगळं शांत.

"बघा," सुभेदार परत येऊन म्हणाले. "गेम लावला की आवाज, बंद केला की बंद. मग दोष कुणाचा?"

"साहेब, गाडी उभी असली की टायरचाही आवाज येत नाही. म्हणून गाडी विकता का?"

पण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. कार्ड थंड असलं की त्याचे पंखे फिरतच नाहीत, तापल्यावर सुरू होतात. आधी आलेल्या माणसानं गेम लावून बघितलाच नव्हता, नुसती तक्रार ऐकून निदान केलं होतं. मी ऋचाला गेम लावायला सांगितलं. थोड्या वेळानं कार्ड तापलं आणि टर्रर्र सुरू झालं. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून कार्डाच्या एकेका पंख्याच्या मध्यावर बोट हलकेच टेकवून तो क्षणभर थांबवला. पहिला, काही फरक नाही. दुसरा, नाही. शेवटचा थांबवला आणि खोली एकदम शांत झाली. ऋचानं सुटकेचा निःश्वास टाकला, जणू काम झालंच.

झालं कुठलं. पंखा सापडला होता, कारण नाही. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि तो पंखा हातानं फिरवला. बेअरिंग गेलेलं असलं, म्हणजे पंखा ज्यावर फिरतो तेच झिजलेलं असलं, तर पंखा डुलतो किंवा खरखरतो. हा मऊ फिरत होता. फक्त एका जागी आला की टक. पुन्हा फिरवला, पुन्हा त्याच जागी टक. म्हणजे पंखा चांगला होता आणि आत काहीतरी अडकलेलं होतं. मला बरं वाटलं, कारण अडकलेलं काढता येतं.

कार्ड बाहेर काढलं. वरून बघितलं तर कॅबिनेटच्या डोक्यावरची जाळी उघडी. तिच्यावर धूळ अडवणारा फिल्टर असतो, तो नव्हता. ऋचा म्हणाली, उन्हाळ्यात फार गरम होत होतं ना ताई, म्हणून काढला, मग राहूनच गेलं. दिल्लीच्या धुळीत असं करतात का गं, म्हणून मी तिला जरा झापलंच. मग टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू काढले, पंख्यांची चौकट वेगळी केली आणि हलकेच आपटली.

धूळ पडली. धुळीबरोबर तांदळाचे दाणे पडले. लालसर, कुंकू लागलेले, सुकून कडक झालेले. एक दाणा पाती आणि चौकटीच्या फटीत पक्का बसला होता, तो चिमट्यानं ओढून काढावा लागला. शेवटी झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली.

आम्ही दोघी वर्तमानपत्राकडे बघत बसलो. अक्षता! इतक्या वर्षांत मी कार्डातून झुरळं काढलीत, केस काढलेत, एकदा पालीचं पिल्लू काढलंय. अक्षता पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

"आईनं केलं असेल," मी म्हटलं.

"आई तर महिनाभर गावी आहे," ऋचा म्हणाली. "आणि दसऱ्याला मी नोएडाला होते, टूर्नामेंटला."

म्हणजे दसऱ्याला घरी एकच माणूस होता. आम्ही वळून बघितलं. सुभेदार खिडकीशी जाऊन बाहेरची तुळस फारच लक्ष देऊन बघत होते.

"पप्पा, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरची पूजा केलीत?"

"दसरा होता. शस्त्रपूजा करतोच की आपण."

"पण तुम्ही तर याला खेळणं म्हणता."

सुभेदारांनी वळून तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "पलटणीत जे हत्यार ड्यूटीवर असतं, त्याचीच पूजा होते. खेळणी पूजेला मांडत नाहीत."

ऋचाचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, माझेही. दुरुस्तीला गेलेल्या माणसानं अशा वेळी कुठे बघायचं हे कोणी शिकवत नाही, म्हणून मी ब्रश घेऊन पाती साफ करत बसले. ऋचानं वर्तमानपत्रावरच्या अक्षता एकेक करून वेचल्या आणि एका कागदाच्या पुडीत बांधून माइकशेजारी ठेवल्या.

कार्ड परत बसवलं, वरचा फिल्टर धुऊन-पुसून जागेवर लावला आणि गेम सुरू केला. कार्ड तापलं, पंखे फिरले, नुसता वाऱ्याचा हलका आवाज. सुभेदारांनी जवळ येऊन कान लावला आणि "बिल्कुल ठीक है" म्हणाले. एवढंच. निघताना मात्र खाली रिक्षापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं, रविवारी घरात अजून कशाकशाचा आवाज माइकमध्ये जाऊ शकतो? मी सांगितलं, कुकरची शिट्टी, दाराची बेल, भाजीवाला.

रविवारी काय झालं ते ऋचानं फोनवर सांगितलं. पप्पांनी सकाळीच बेलची वायर काढून ठेवली होती. कुकर लावू दिला नाही, दोघांनी ब्रेड खाल्ला. ट्रायल चालू असताना ते खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते आणि भाजीवाल्याला दुसऱ्या गल्लीतून पाठवत होते. नोकरी तिला लागली. बँकेच्या क्लासचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

तेव्हापासून माझी एक पद्धत पडलीय. पंखा वाजतोय असा फोन आला की मी कार्ड कुठल्या कंपनीचं ते नंतर विचारते. आधी विचारते, घरात नुकतं काय काय झालं? निम्मी दुरुस्ती त्या उत्तरात असते.

यंदा दसऱ्याला सकाळी सुभेदारांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट प्रश्न.

"ताई, अक्षता कुठे वाहायच्या?"

म्हटलं, फिल्टर लावलेला असला तर वरही चालतील. पण माझं ऐकाल तर अक्षता ऋचाच्या डोक्यावर टाका, कॉम्प्युटरला नुसतं कुंकू लावा.

"ठीक है," ते म्हणाले, आणि मी फोन ठेवायच्या आत त्यांनी तिला हाक मारलेली मला ऐकू आली.