आषाढातलं हळदीकुंकू

इकडे आखातात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे लिफ्टपाशी रांग आणि हॉलमध्ये गलका. यंदा तिकडे मायदेशी महापालिकेच्या निवडणुका होत्या, त्यामुळे गलक्याला वरून फोडणी. अल कुसैसहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने बसता बसताच फर्मान काढलं, "खलास! हळदीकुंकवात पॉलिटिक्स नको प्लीज. घरी नवरे व्हॉट्सॲपवर भांडतायत तेवढं बस झालं."

"का नको?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्याबाई म्हणाल्या. "आमची अख्खी निवडणूक हळदीकुंकवातच झाली."

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. नव्वदी ओलांडलेल्या, यंदापासून आमच्याकडेच असतात. लग्न होऊन त्या पूर्व आफ्रिकेत, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या एका शहरात गेल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. एवढं आयुष्य घरात बसलेलं, आणि आपण त्याला रोज विचारतो काय, तर चहात साखर किती!

त्या सांगू लागल्या. शहरात स्वातंत्र्याचा उठाव पेटलेला, धरपकड, संचारबंदी. त्यातच नगरपालिकेची निवडणूक लागली. हिंदी, म्हणजे भारतातून आलेल्या, लोकांसाठी वेगळ्या जागा असत, आणि त्यातल्या एकीसाठी आत्याबाईंचे यजमान उभे होते. ते आफ्रिकन लोकांच्या बाजूने बोलले म्हणून सरकारने त्यांना घराबाहेर पडायला बंदी केली. वर तंबी दिली, प्रचार केलात तर बोटीत बसवून मुंबईला पाठवू. दुकान, घर, सगळं तिथेच राहिलं असतं, आणि आत्याबाईंचे दिवस भरत आले होते.

"मग मीच निघाले," त्या म्हणाल्या. "आज हिच्या घरी हळदीकुंकू, उद्या तिच्या. बायकांनाही मत होतं ना! मी उखाणा घ्यायचे. नवऱ्याचं नाव घ्यायला सरकार कसं अडवणार?"

आम्ही हसून हसून बेजार झालो.

"पण तेव्हा आषाढ चालू होता," त्या म्हणाल्या.

आषाढात कुठलं आलंय हळदीकुंकू? पोलिसांच्या गोऱ्या साहेबाला ते कळणार नव्हतं, यावरच तर सगळी भिस्त होती. पण एका दुपारी साहेब दारात येऊन उभा राहिला तो दुभाष्याला घेऊन. आणि दुभाष्या आपलाच, मराठी.

"साहेबाने त्याला विचारलं, हा खरंच यांचा सण आहे का? त्याने कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं गं. आणि तो म्हणाला, 'हो साहेब. दरवर्षी याच महिन्यात असतं.'"

हे खोटं उघडं पडतं तर त्याची नोकरी जाती, कदाचित तुरुंगवासही घडता.

"आजी, डिड आजोबा विन?" माझ्या मुलीने विचारलं.

"हरले," आत्याबाई म्हणाल्या. "पण बोटीत नाही बसावं लागलं. मुलगी तिथेच, आमच्या घरात झाली. मग हे आभार मानायला त्या दुभाष्याकडे गेले. तो दारातूनच म्हणाला, 'आभार कसले? मी मत दुसऱ्यालाच दिलं. पण तुम्हाला हरवायचं तर मतांनी हरवू, ते काम पोलिसांचं नाही.'"

ज्याला पाडायचं त्याच्यासाठीच कुणी स्वतःची भाकरी पणाला लावावी! आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपमधून त्याच आठवड्यात दोघे जण मतांवरून भांडून बाहेर पडले होते. मी वाणाचा ट्रे हातात घेऊन नुसती उभी राहिले. मोठी माणसं असतात म्हणजे कशी, ते मी प्रथमच ऐकत होते.

"पुढच्या खेपेला मात्र हे निवडून आले," आत्याबाई म्हणाल्या.

"मग तेव्हा तरी त्याने तुम्हाला मत दिलं?" पॉलिटिक्स नको म्हणणाऱ्या मैत्रिणीलाच राहवलं नाही.

"कोण जाणे," आत्याबाई म्हणाल्या. "जन्मभर येणंजाणं होतं आमचं. पण ज्याने न मागता एवढं दिलं, त्याला ते विचारायचं नसतं."