कारगिलचा फ्रिज

तळोद्यातले माझे शेजारी दूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आहेत आणि सुटीला घरी येतात. माणूस इतका भित्रा की दिवाळीत लवंगी फुटली तरी कानांत बोटं घालून आत पळतो. लढाई लागली की कारखान्यात ओव्हरटाइम मिळतो, म्हणून त्यांच्या घरातल्या वस्तू लढायांच्या नावानं ओळखल्या जातात. "मास्तर, हाऊ फ्रिज कारगिलना शे," असं ते मला दर वेळी पाणी देताना सांगतात.

गेल्या वर्षी ते सुटीवर असतानाच सीमेवर तोफा सुरू झाल्या. वहिनींनी लगेच मोरीत कपडे धुवायच्या मशीनसाठी कोपरा रिकामा केला. हे मात्र देवापुढे बसून लढाई थांबावी म्हणून हात जोडायचे, आणि मधेच एक डोळा उघडून कारखान्याचं बोलावणं आलं का, ते मांडीवरच्या फोनवर बघायचे.

मग शस्त्रसंधीची बातमी आली. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "बरं झायं, मास्तर. पोरेसना जीव वाचना," म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मागे मोरीत वहिनी धोपटण्यानं चादर झोडपत होत्या.

माझ्या हातावर पेढा ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "पन लढाई पुरी मिटनी का?"